युद्धस्मृतींची मूळ प्रत : सुभेदार सीताराम व गोडसे भटजी

युद्धाचा इतिहास लिहिण्यास लागणाऱ्या साधनांत पत्रें, रोजनिशा, हिशेबाचे ताळेबंद, जाबते व बखरी यांची प्रतवारी आपल्याकडे बरीच झाली आहे. कोणतें साधन अस्सल, कोणतें दुय्यम आणि कोणतें केवळ ऐकीव, हें ठरविण्याचे नियमहि संशोधकांच्या अंगवळणीं पडले आहेत. परंतु जो मनुष्य स्वतः बंदूक खांद्यावर घेऊन लढला, किंवा वेढ्यांत सांपडून वांचला, त्यानें उतारवयांत घरच्यांस सांगितलेली किंवा कोणाच्या तरी आग्रहावरून लिहून ठेवलेली आठवण कोणत्या प्रतीचें साधन मानावयाचें, याचा विचार मात्र फारसा झालेला दिसत नाहीं. अशा आठवणी पुष्कळ घरांत होत्या. त्यांतील बहुतेक सांगणाराबरोबरच गेल्या. ज्या थोड्या कागदावर उतरल्या त्यांपैकीं कांहीं छापल्या गेल्या, आणि छापल्या जातांना त्यांचें रूप पालटलें. हें रूप कसें पालटतें, व त्यांत त्या घराण्याचें आणि इतिहासाचें काय नुकसान होतें, हें दोन प्रसिद्ध ग्रंथांच्या परीक्षणानें दाखवावें असा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. पहिला ग्रंथ बंगाल फौजेंतील सुभेदार सीताराम पांडे याचें आत्मवृत्त. दुसरा विष्णुभट गोडसे वरसईकर यांचा 'माझा प्रवास'.

सीतारामाचा ग्रंथ म्हणून जो आज उपलब्ध आहे तो इंग्रजी आहे. लेफ्टनंट-कर्नल नॉर्गेट या अधिकाऱ्यानें तो १८७३ सालीं लाहोर येथें प्रसिद्ध केला, आणि सुभेदारानें पेन्शनींत निघाल्यावर, १८६१ च्या सुमारास, आपल्या भाषेंत लिहिलेल्या मजकुराचें हें भाषांतर होय असें सांगितलें. हकीकत थोडक्यांत अशी. सीताराम हा अयोध्या प्रांतांतील तिलोईकडचा ब्राह्मण. मामा कंपनीच्या पलटणींत जमादार. तो रजेवर घरीं आला तेव्हां त्याचा थाट व गळ्यांतील सोन्याच्या मण्यांची माळ पाहून भाच्याचें मन शेतींत रमेना. आईचा विरोध असतांहि तो १८१२ च्या सुमारास मामाच्या पाठोपाठ पलटणींत दाखल झाला. त्यापुढें १८१४ ते १८१६ चें गुरखा युद्ध, १८१७-१८ ची पेंढाऱ्यांवरील व मराठ्यांवरील मोहीम, १८२५-२६ चा भरतपूरचा वेढा, अफगाणिस्तानची पहिली स्वारी, शिखांशीं झालेलीं दोन युद्धें व शेवटीं १८५७ चा उठाव, इतके सर्व प्रसंग त्याच्या आयुष्यांत येतात. अफगाणिस्तानांत तो शत्रूच्या हातीं सांपडून गुलाम म्हणून विकला गेला, आणि पळून परत आला तों जातीबाहेर पडलेला. १८५७-५८ च्या धामधुमींत गोळ्या घालण्यासाठीं आणलेल्या बंडवाल्या शिपायांत त्याला स्वतःचा मुलगा दिसला, व शिक्षा अमलांत आणणाऱ्या तुकडीचें काम त्याच्याकडेच आलें होतें.

१८१७-१८ ची मोहीम आपल्या वाचकांस पुण्याच्या बाजूनें ठाऊक आहे. ती समोरच्या फौजेंतील एका साध्या शिपायाच्या नजरेनें पाहावयास मिळणें ही लहान गोष्ट नव्हे. यामुळें ग्रंथाचें मोल मोठें. पण मोल मोठें म्हणूनच त्याची पारख कडक झाली पाहिजे.

पहिली अडचण अशी कीं, सीतारामाचा मूळ मजकूर आजवर उपलब्ध झालेला नाहीं. दुसरी अडचण अशी कीं, ग्रंथांतील पलटणी, तारखा व मोहिमा यांचा परस्पर मेळ सर्वत्र बसत नाहीं. त्यावरून कांहीं अभ्यासकांनीं हें पुस्तक नॉर्गेटनेंच रचलें असावें असा तर्क केला. इतरांस त्यांत खऱ्या शिपायाचा आवाज ऐकूं येतो. दरम्यान ग्रंथाचा प्रवास मोठा चमत्कारिक झाला. इंग्रज अधिकाऱ्यांस हिंदुस्थानी भाषेच्या परीक्षेसाठीं वाचावयास पाहिजे म्हणून लेफ्टनंट-कर्नल फिलट यानें इंग्रजीवरून त्याचें उर्दू भाषांतर 'ख्वाब-ओ-खयाल' या नांवानें सिद्ध केलें. म्हणजे अवधच्या शिपायाची गोष्ट त्याच्या मुलखाच्या बोलीजवळ परत आली ती इंग्रजीला वळसा घालून! पुढें १९७० सालीं जेम्स लंट यानें नवी आवृत्ति काढली, व तींत नॉर्गेटच्या इंग्रजीवर पुन्हां हात फिरविला. आज बहुतेक वाचकांच्या हातांत असते ती ही आवृत्ति. सांगणारा व वाचक यांच्यामध्यें येणेप्रमाणें निदान दोन लेखण्या आल्या आहेत, आणि सांगणाराची स्वतःची लेखणी मात्र हरवली आहे.

मग या ग्रंथांत सीतारामाचें काय व इतरांचें काय, हें कसें ओळखावें? आम्ही एक कसोटी सुचवितों. ज्या तपशिलाचा छापणारास कांहीं उपयोग नाहीं, तो तपशील बहुधा सांगणाराचा असतो; व जें मत छापणाराच्या मंडळींत अगोदरच प्रचलित आहे, त्याकडे संशयानें पाहावें. ही कसोटी लावून पाहिल्यास ग्रंथ आपोआप दोन थरांत वेगळा होऊं लागतो. जखमी होऊन पडला असतां हीन मानलेल्या जातीच्या मुलीच्या हातचें पाणी प्यावें लागलें, आणि जीव वांचला तरी जात गेली. मग प्रायश्चित्त, ब्राह्मणभोजन व त्यासाठीं पदरमोड. काबूलाकडून सुटून आल्यावर पुन्हां तेंच. शिपायाच्या आयुष्यांत शत्रूच्या गोळीइतकीच गांवच्या पंक्तीची धास्ती होती, हें या प्रसंगांवरून जसें कळतें तसें कोणत्याहि सरकारी कागदावरून कळत नाहीं. लाहोरास छापणाऱ्या अधिकाऱ्यास या खर्चाचें काय होय? हा थर सांगणाराचा मानण्यास हरकत दिसत नाहीं.

उलट, पूर्वींचे साहेब शिपायांत मिसळत, त्यांची भाषा जाणत, शिकारीस व कुस्तीच्या आखाड्यास त्यांना बरोबर घेत. नवे साहेब तसे नाहींत. सरकारनें शिक्षा सौम्य केल्या म्हणून शिस्त बिघडली. हीं जीं मतें ग्रंथांत वारंवार येतात, तीं १८५७ नंतर जुन्या लष्करी अधिकाऱ्यांच्या तोंडींहि सर्रास होतीं. म्हातारा सुभेदार तसें म्हणणारच नाहीं असें नव्हे. जुना काळ बरा वाटणें हा सर्व म्हाताऱ्यांचा स्वभाव आहे. परंतु येथें शब्द कोणाचे व होकार कोणाचा, हें सांगतां येत नाहीं. आमच्या कसोटीलाहि मर्यादा आहे. चतुर लेखक निरुपयोगी तपशील मुद्दाम घालूं शकतो, व प्रामाणिक शिपाई ऐकणाराचें मन राखूं शकतो. म्हणून कसोटीनें संभव ठरतो, निर्णय ठरत नाहीं. निर्णय करणारी वस्तु एकच, ती म्हणजे मूळ प्रत. आणि तीच नाहीं.

या उणिवेची खरी किंमत मुलाच्या प्रसंगीं कळते. ग्रंथाप्रमाणें बापानें त्या कामांतून सुटका मागितली. वरिष्ठाच्या मनांत प्रथम संशय आला, मग खात्री पटून त्यानें त्याला मोकळें केलें, व मुलाची उत्तरक्रिया करूं दिली. वाचणाराचें मन गलबलून जावें असा हा भाग आहे. परंतु परीक्षकानें येथें एक प्रश्न विचारलाच पाहिजे. हें कोणास उद्देशून सांगितलें आहे? ऐकणारा साहेब आहे. सांगणारा सरकारचें पेन्शन खाणारा, आणि ज्याचा मुलगा सरकारशीं लढून मेला असा बाप आहे. मुलगा चुकला असें त्याला खरोखर वाटलें, कीं तसें म्हणण्यावांचून गत्यंतर नव्हतें? उत्तरक्रिया करूं दिल्याबद्दल कृतज्ञता, कीं त्या कृतज्ञतेखालीं दडलेलें दुसरें कांहीं? त्यानें घरीं जाऊन हीच गोष्ट सांगितली असेल, तर ती याच शब्दांत खास सांगितली नसेल. साहेबास सांगितलेली हकीकत आज ग्रंथरूपानें उरली आहे. घरांत सांगितलेली कोठेंच नाहीं. त्या वंशांतील कोणास आज आपल्या पूर्वजाचें दुःख जाणून घ्यावेंसें वाटलें, तर तें त्याला नॉर्गेटच्या इंग्रजींतूनच वाचावें लागेल.

मूळ प्रत उरली असतां काय होतें, हें पाहण्यास दुसरा ग्रंथ उपयोगी पडतो. विष्णुभट गोडसे हे शिपाई नव्हत. पेणजवळच्या वरसईचे हे भिक्षुक घरच्या कर्जापायीं १८५७ सालीं चुलते रामचंद्रभट यांजबरोबर, बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञांत दक्षिणा मिळेल या आशेनें उत्तरेस निघाले, व उठावाच्या वणव्यांत सांपडले. १८५८ च्या मार्च-एप्रिलांत सर ह्यू रोज यानें झांशीला घातलेला वेढा व त्यानंतरची कत्तल आणि लूट त्यांनीं शहरांत राहून पाहिली. हत्यार हातीं नसलेला मनुष्य युद्धांत किती पाहतो, याचा हा ग्रंथ म्हणजे उत्तम दाखला होय. लुटीचे दिवस ते एकामागून एक सांगतात : आधीं सोनें-रुपें, मग तांब्या-पितळेचीं भांडीं, मग वस्त्रेंप्रावरणें व धान्य, अशा क्रमानें शहर कसें रिकामें झालें तें त्यांच्या लक्षांत राहिलें. राजवाड्यांतील ग्रंथसंग्रहाची झालेली धूळधाण वाचतांना तर पोथ्या जमविणाऱ्या कोणाचेंहि काळीज हलेल. काल्पीच्या वाटेवर विहिरीपाशीं पुरुषवेषांतील राणी तहानेनें व्याकुळ होऊन आली, व भटजी पाणी काढूं लागले असतां तिनें तें स्वतःच काढून घेतलें, हा प्रसंग तर सर्वश्रुतच आहे.

ही हकीकत लिहिली गेली ती १८८३ सालीं. गोडसे हे वैद्यांच्या घराण्याचे उपाध्ये. चिंतामण विनायक वैद्य यांच्या आग्रहावरून त्यांनीं ती लिहून काढली. सरकारच्या भीतीमुळें ती लेखकाच्या हयातींत छापावयाची नाहीं असें ठरलें, व लेखकाच्या मृत्यूनंतर १९०७ सालीं वैद्यांनीं ती प्रसिद्ध केली. प्रसिद्ध करतांना त्यांनीं भाषेवर संस्कार केले व मजकुरांतहि फेरफार केला. वैद्यांवर यासाठीं रागावणें योग्य होणार नाहीं. त्यांनीं आग्रह धरला नसता तर ग्रंथच निर्माण झाला नसता. व १९०७ सालीं असा मजकूर जसाच्या तसा छापणें सुरक्षित होतें असेंहि नाहीं. शिवाय एक गोष्ट त्यांनीं अशी केली कीं, तिच्यापुढें बाकीचें सर्व क्षम्य ठरावें : त्यांनीं मूळ बाड फेंकून दिलें नाहीं. तें पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संग्रहांत पोहोंचलें, व १९६६ सालीं महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार यांनीं त्यावरून मूळ पाठ छापला. सत्तावन्न हजार चुकांची दुरुस्ति करतां येईल, पण हरवलेल्या पानाची करतां येत नाहीं, हें या उदाहरणावरून ध्यानांत यावें.

मूळ पाठ हातीं आल्यानें लाभ काय झाला? पहिला लाभ भाषेचा. भिक्षुकाच्या बोलण्याची लय, वाक्यांत वाक्य गुंतवीत जाण्याची धाटणी, हिशेब सांगतांना येणारा बारकावा, हें सर्व गोडशांचें म्हणून पाहतां येतें. दुसरा लाभ अधिक महत्त्वाचा. गोडशांच्या ग्रंथांत ऐकीव भागहि पुष्कळ आहे. इंग्रजांनीं चौऱ्यांशीं कलमांची यादी करून राजेरजवाड्यांपुढें ठेवली व त्यावरून क्षोभ झाला, असें ते लिहितात. घटना म्हणून याला आधार नाहीं. परंतु वाटेवरच्या धर्मशाळांत व छावण्यांत लोक काय बोलत होते, याचा हा अस्सल पुरावा आहे. 'चुकीचें आहे' म्हणून असा मजकूर कापला, तर घटना शुद्ध होईल, पण काळ नाहींसा होईल. स्मृतीची चूक हीहि स्मृतीचाच भाग असते. तिच्यावर टीप द्यावी, तिला कात्री लावूं नये.

दोन्ही ग्रंथ शेजारीं ठेवले असतां असा सिद्धांत निघतो. युद्धस्मृतीच्या प्रत्येक लेखांत तीन हात असतात : सांगणाराचा, लिहून घेणाराचा व प्रसिद्ध करणाराचा. तिन्ही हात स्वच्छ असूं शकतात. पण ते वेगळे ओळखतां आले नाहींत तर लेखाची किंमत निम्म्यावर येते. आणि चौथा एक मनुष्य असतो, जो लिहीत नाहीं पण मजकूर घडवितो, तो म्हणजे ज्याच्यासाठीं सांगितलें तो. साहेबासाठीं, यजमानासाठीं, सरकारासाठीं व नातवासाठीं सांगितलेली एकच लढाई चार प्रकारची होते.

हा विचार केवळ एकोणिसाव्या शतकापुरता नाहीं. १९१४ ते १९१८ च्या महायुद्धांत दहा लाखांहून अधिक हिंदी माणसें समुद्रापार पाठविलीं गेलीं. फ्रान्समधील शिपायांच्या टपालावर तपासणी बसविण्यांत आली होती. तपासनीस निवडक पत्रांतील उतारे इंग्रजींत करून अहवालांस जोडीत. ते अहवाल आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररींत आहेत, व त्यांतील वेंचे डेव्हिड ओमिसी यांनीं १९९९ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केले. येथेंहि तीच गोष्ट. शिपाई सांगणार, पुष्कळदां दुसराच कोणी लिहिणार, तपासनीस भाषांतर करणार. पत्र उघडलें जातें हें शिपायांस ठाऊक होतें. म्हणून हिंदी फौजेस काळी मिरी व गोऱ्या फौजेस लाल मिरची म्हणण्यासारखी सांकेतिक भाषा त्यांनीं काढली होती. भाषांतरित उतारा दप्तरांत राहिला. खरें पत्र, पुढें जाऊं दिलें असेल तर, गांवीं गेलें, आणि तेथें वाळवी, पाऊस व रद्दी यांच्या स्वाधीन झालें.

महाराष्ट्रापुरतें पाहूं. २९ एप्रिल १९१६ रोजीं कुत-अल-अमारा पडलें तेव्हां शरण जावें लागलेल्या फौजेंत १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या तीन मराठा पलटणी होत्या. वेढ्यांतील उपासमार व त्यामागून आलेली कैद यांतून जे परत आले त्यांचीं घरें आपल्याच जिल्ह्यांत आहेत. दुसऱ्या महायुद्धांत इटलींतील सेनियो नदीपाशीं ९ एप्रिल १९४५ रोजीं केलेल्या पराक्रमाबद्दल नामदेव जाधव यांस व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, व ते पुढें १९८४ पर्यंत हयात होते. त्यांचें सन्मानपत्र सर्वांस उपलब्ध आहे. परंतु सन्मानपत्र हें वरिष्ठांच्या अहवालावरून तयार होतें. त्यांत पराक्रम असतो, भीति नसते. तारीख असते, पण घरच्या पत्राची वाट पाहणें नसतें. पहिल्या महायुद्धांतील सर्व शिपाई आतां गेले. दुसऱ्यांतील कोणी उरले असतील ते शंभरीच्या आसपास आहेत. १९६२, १९६५ व १९७१ च्या रणांगणांवरून आलेले पुष्कळ आहेत. पण १९७१ सालीं जो विशींत होता त्यानेंहि सत्तरी ओलांडली आहे. साधन हातचें जाण्यास किती काळ उरला आहे, हें ज्याचें त्यानें मोजावें.

म्हणून संग्राहकांस व घराण्यांतील जाणत्या माणसांस कांहीं गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. आठवण लिहून घेतांना आरंभीं तारीख, स्थळ, सांगणाराचें वय, विचारणाराचें नांव व नातें लिहावें. प्रश्न काय विचारला तेंहि लिहावें. कारण उत्तराचा अर्धा आकार प्रश्नानें ठरतो. शब्द सांगणाराचे ठेवावे. बोली असेल तर बोली, पलटणींतले हिंदी-इंग्रजी शब्द असतील तर ते. तारीख चुकली असल्यास बाजूस टीप द्यावी, पण मूळ ओळीस हात लावूं नये. आवाज ध्वनिमुद्रित केला असेल तर तो आवाज हीच मूळ प्रत होय, व कागदावरची नक्कल दुय्यम. नक्कल झाली म्हणून ध्वनिमुद्रण पुसणें म्हणजे पोथीची नक्कल झाल्यावर पोथी नदींत सोडण्यासारखें आहे. सांगणारा एखाद्या ठिकाणीं थांबला तर तो थांबला असें नोंदवावें, पण त्याला ओढून पुढें नेऊं नये. एक प्रत घरीं राहावी व एक संस्थेंत जावी. आणि एखादा भाग अमुक वर्षांपर्यंत उघडूं नये अशी सांगणाराची इच्छा असेल तर ती पाळावी. गोडशांच्या बाबतींत अशी अट पाळली गेली, म्हणूनच ग्रंथ निर्भयपणें लिहिला गेला.

एक कडू गोष्टहि बोलली पाहिजे. पदकें जमविणाऱ्यांचा व्यवहार आजकाल बराच वाढला आहे. पहिल्या महायुद्धाच्या युद्धपदकांच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नांव व पलटण कोरलेली असते. त्या चार शब्दांमुळें पदक हें धातूचा तुकडा न राहतां कागदपत्रांच्या रुमालाची किल्ली होतें. पदक विकत घेऊन डिस्चार्जचा कागद, पेन्शनचें पुस्तक, छायाचित्र व पत्रें मागें टाकणारा संग्राहक किल्ली नेतो आणि कुलूप रद्दीवाल्याच्या हवालीं करतो. जें एकत्र सांपडलें तें एकत्र ठेवावें, हा दप्तरांचा नियम येथेंहि तितकाच लागू आहे. शक्य तर पदक घरींच राहूं द्यावें व त्याची नोंद आणि छायाचित्र घ्यावें. संग्राहकाची प्रतिष्ठा वस्तु आपल्या कपाटांत असण्यावर नाहीं, ती ओळखण्यावर आहे.

तात्पर्य, सीताराम व गोडसे यांच्यांत लेखनगुणांचा जो फरक दिसतो त्याहून मोठा फरक त्यांच्या कागदांच्या नशिबांत आहे. दोघांनींहि दुसऱ्याच्या आग्रहावरून लिहिलें, दोघांच्याहि लेखनावर दुसऱ्याचा हात फिरला. एकाचें बाड राहिलें म्हणून आज आपण त्याच्याशीं बोलूं शकतों; दुसऱ्याचें गेलें म्हणून तो होता कीं नव्हता याचाच वाद चालूं आहे. आपल्या गांवांतील वृद्ध शिपायांस या दोहोंपैकीं कोणतें नशीब लाभावें, हें बव्हंशीं या पृष्ठांच्या वाचकांवर अवलंबून आहे. मजकूर गोळा करण्यास विद्वत्ता फारशी लागत नाहीं; दुरुस्ति करण्याचा मोह आवरण्यास मात्र ती पुष्कळ लागते.